जुनी मोटार आणि तिची पारख

इतिहास म्हणजे राजांच्या स्वाऱ्या, तह आणि सनदा असा समज आपल्याकडे फार दिवस रूढ होता. तो आतां बराच मागें पडला असला, तरी गृहस्थाच्या खरेदीचा इतिहास लिहिण्याकडे अद्याप फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वस्तुतः मध्यम स्थितींतील एखाद्या कुटुंबानें घर, दागिना किंवा गाडी घेतली, तर त्या एका व्यवहारांत त्या काळचे रस्ते, कायदे, कारखाने, पगार आणि भीति हीं सर्व एकवटलेलीं असतात. त्यांतही जुनी वस्तु घेणें हा व्यवहार विशेष बोलका आहे. नवी वस्तु घेणाऱ्यास दुकानदाराच्या शब्दावर चालतां येतें. जुनी घेणाऱ्यास स्वतःची पारख लागते. नांदेड आणि लातूर या दोन शहरांमधील वाटेवर जुन्या मोटारीची पारख कशी बदलत गेली, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याच्याजवळ बारा वर्षांच्या नोकरींतून दोन-अडीच लाखांची शिल्लक उरली आहे, त्यास तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

‘कोणती जुनी गाडी चांगली?’ असा प्रश्न लोक नेहमी विचारतात. माझ्या मतें तो मुळांत गाडीसंबंधीं नसतोच. तो तीन गोष्टींसंबंधीं असतो : गाडी कोणत्या रस्त्यावर चालवावयाची, बिघडली तर कोणाच्या हातीं द्यावयाची, आणि ती आपली आहे हें कोणत्या कागदावर ठरावयाचें. रस्ता, कारागीर व कागद या तिहींचीं उत्तरें गेल्या शंभर वर्षांत पुनः पुनः बदललीं. प्रश्न मात्र तेच राहिले. जो गृहस्थ मागल्या पिढीचें उत्तर घेऊन या पिढीच्या बाजारांत जातो तो फसतो, आणि पुष्कळदां आपण कां फसलों हेंही त्यास उमगत नाहीं.

नांदेडहून लातूरकडे निघालेल्या प्रवाशास लोहा ओलांडल्यावर माळेगांव लागतें. तेथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते, आणि तिच्याबरोबर घोडे, गाढवें, उंट व गुरें यांचा मोठा बाजार भरतो. कंधारकडील लाल कंधारी आणि उदगीरकडील देवणी हे दोन नामांकित गोवंश याच मुलखांतले. मोटार येण्यापूर्वीं कुणब्याच्या घरची मोठी खरेदी म्हणजे बैल. आणि बैल बहुधा दुसऱ्याच्या दावणीचाच घ्यावा लागे. म्हणून जुन्या वस्तूची पारख ही येथें बापाकडून मुलाकडे चालत आलेली विद्या होती. घेणारा प्रथम दांत पाही : दोन दाती, चार दाती, सहा दाती कीं जुळलेला. शिंगें रंगवून व पाठीवर झूल टाकून उभा केलेला बैल पाहून तो भुलत नसे. तो खूर पाही, खांदा पाही, चालवून पाही. शक्य झाल्यास जुंपून दोन तास घालून पाही. विकणारा कोणत्या गांवचा आणि चांगला बैल तो कां विकतो, हेंही तो खोदून विचारी. शेवटीं भाव उपरण्याखालीं बोटें दाबून ठरे आणि बाजाराची पावती होई. पावती नसलेल्या जनावराकडे शहाणा माणूस पाहत नसे. कारण तें चोरीचें असण्याचा संशय असे. वय, चाल, विकण्याचें कारण आणि पावती या चार गोष्टी एवढ्यासाठींच लक्षांत ठेवावयाच्या कीं, पुढें मोटारीच्या बाजारांत त्या जशाच्या तशा उपयोगी पडणार होत्या.

निजामी अमदानींत या दोन शहरांना बाहेरच्या जगाशीं जोडलें तें रेल्वेनें, पण दोन निराळ्या वाटांनीं. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटर-गेज रेल्वे १९०० सालच्या सुमारास नांदेडला आली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी १९११ सालीं लातूरला पोंचली. नांदेड गोदेच्या खोऱ्यांत, लातूर बालाघाटच्या पठारावर. दोहोंमध्यें सरळ लोहमार्ग झाला नाहीं. आजही रेल्वेनें जावयाचें तर परळी, परभणी, पूर्णा असा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळें या दोन शहरांमधील जाणें-येणें आरंभापासून रस्त्याच्याच स्वाधीन राहिलें. आणि रस्ता होता काळ्या जमिनीचा! उन्हाळ्यांत घोट्याइतका फुफाटा, पावसाळ्यांत आंसापर्यंत चिखल. जून १९३२ मध्यें निजाम स्टेट रेल्वेनें २७ बसगाड्या व १६६ नोकर घेऊन मोटार-वाहतुकीचें खातें उघडलें. सामान्य माणसाची मोटारीशीं ओळख झाली ती अशा सार्वजनिक गाडीच्या बाकावर बसून. स्वतःची मोटार ही जहागीरदार, बडे अंमलदार आणि एखाददुसरा भाग्यवान वकील यांची चीज होती.

१९४८ सालच्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. याच सुमारास मोटारीच्या धंद्यांतही मोठा पालट होत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी जीपा व मालमोटारी लिलावांत निघाल्या, आणि अनेक ठिकाणीं खासगी वाहनाचा पहिला परिचय झाला तो या हिरव्या, टणक, अंग मोडणाऱ्या गाड्यांमुळें. मुंबईस वालचंद हिराचंद यांनीं काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ सालीं पहिली गाडी बाहेर पडली. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांस सुटे भाग येथेंच बनवावयाचे असतील त्यांनींच राहावें. फोर्ड व जनरल मोटर्स या परक्या कंपन्यांनीं आपले जुळणीचे कारखाने बंद केले. देशांत मोजक्याच गाड्या उरल्या : १९५७ पासूनची अँबॅसॅडर, १९५४ पासूनची फियाट ११००, आणि पुढें स्टँडर्ड हेराल्ड.

येथून जुन्या मोटारीच्या इतिहासांतील सर्वांत विचित्र कालखंड सुरू होतो. १९५९ सालीं मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आलें. अनामत भरून नांव नोंदवावयाचें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावयाची, अशी रीत पडली. १९६९ सालीं सरकारनें नव्या गाड्यांच्या किंमती ठरवून दिल्या, तेव्हां कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नव्या गाडीची किंमत अशी बांधलेली आणि ती मिळण्याची खात्री नाहीं, यामुळें दोन-तीन वर्षें वापरलेली गाडी नव्या गाडीहून महाग विकली जाऊं लागली. जगाच्या पाठीवर बहुतेक ठिकाणीं मोटार कारखान्याच्या दारांतून बाहेर पडतांच तिची किंमत उतरते. आपल्याकडे ती चढत असे. विकणारा लोखंड विकीत नव्हता, वाट पाहण्याचीं वर्षें विकीत होता. अशा बाजारांत ‘परवडणारी जुनी गाडी’ म्हणजे दहा-पंधरा वर्षांची, तिसऱ्या-चौथ्या हातांतून आलेली गाडी असाच अर्थ होई.

तथापि या टंचाईनें एक गुणही पदरांत टाकला. अँबॅसॅडरच्या मूळ बांधणींत सत्तावन्न वर्षांत, म्हणजे २०१४ सालीं ती बंद होईपर्यंत, मूलभूत फरक फारच थोडा झाला. फियाटही पुढें पद्मिनी नांवानें शतकाच्या अखेरपर्यंत जवळजवळ त्याच रूपांत चालली. त्यामुळें एका गाडीचा भाग दुसरीस बसे, आणि नांदेड-लातूरसारख्या गांवचा मिस्त्री एकच यंत्र जन्मभर उघडीत आल्यानें डोळे मिटूनही तें जुळवूं शके. अँबॅसॅडर जड, जमिनीपासून उंच, मागें पाट्यांची. सहा-सात माणसें आणि धान्याचें पोतें घेऊन ती खडकाळ वाटेनें जाई. फियाट तिच्याहून हलकी, १०८९ सी. सी. इंजिनाची, पेट्रोलास बेताची. ती गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या डॉक्टरास सोयीची. निवड कशी होई तें यावरून ध्यानांत येईल : रस्ता वाईट म्हणून गाडी दणकट पाहिजे, आणि कारागीर एकाच विद्येचा म्हणून गाडी त्याच्या ओळखीची पाहिजे. वडील मंडळी आजही ‘लोखंड चांगलें होतें’ असें म्हणतात, त्यामागें ही परिस्थिति आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं इंदिरा गांधींच्या हस्तें पहिल्या मारुति ८०० गाडीची किल्ली एका ग्राहकास देण्यांत आली. ७९६ सी. सी.चें तीन सिलिंडरांचें इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, आणि किंमत पन्नास हजारांच्या आसपास. या लहानशा गाडीनें जुन्या बाजाराचा नियमच उलटा केला. तिच्यासाठींही आरंभीं नांवें नोंदवावीं लागलीं. परंतु कारखाना लाखांनीं गाड्या काढूं लागला, १९९३ सालीं मोटार-उद्योग परवाना-पद्धतींतून मुक्त झाला, आणि नव्या कंपन्या आल्या. नवी गाडी केव्हांही मिळूं लागतांच जुनीची किंमत वयाप्रमाणें उतरूं लागली. वापरलेली गाडी हें प्रथमच मास्तर, कारकून आणि लहान दुकानदार यांच्या आवांक्यांतलें वाहन झालें.

आपल्या भागांत त्याच वर्षीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. त्यानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जुन्या गांवांच्या बोळांतून बैलगाडीच कशीबशी वळे. नव्या गांवांना रुंद व सरळ रस्ते मिळाले. दारापर्यंत वाहन येणें ही चैन नसून गरज आहे, ही जाणीव त्या आपत्तीनें अनेकांच्या मनांत रुजविली असल्यास नवल नाहीं. पुढें लातूर व नांदेड हीं शिक्षणाचीं आणि दवाखान्यांचीं केंद्रें झालीं. मुलास शिकवणीस ठेवलें आहे, आईस दर महिन्यास तपासणीस न्यावयाचें आहे, गांवाकडील शेत पाहावयाचें आहे : एवढ्या तीन कारणांसाठीं आज या भागांतलें कुटुंब जुनी मोटार घेतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रस्ता, कारागीर आणि कागद यांचीं आजचीं उत्तरें कोणतीं?

रस्त्याचें उत्तर पार पालटलें आहे. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आज पुष्कळ ठिकाणीं रुंद व वेगवान झाला आहे. वाईट रस्त्यावर गाडी मोडण्याचें भय असतें; चांगल्या रस्त्यावर माणूस मोडण्याचें. पूर्वीं दणकट पाटे व उंच बांधा ही कसोटी होती; आज ब्रेक, टायर आणि अपघातांत जीव राखणारी बांधणी ही कसोटी आहे. १ जुलै २०१९ पासून देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारींत चालकासाठीं एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून पैशाची थोडीशी ओढ झाली तरी त्या तारखेनंतर तयार झालेली लहान गाडी घ्यावी, तिच्याआधींची मोठी व दिमाखदार गाडी सोडावी, असें माझें स्पष्ट मत आहे. मोठ्या जुन्या गाडीची किंमत उतरते, पण तिचे टायर, क्लच आणि सुटे भाग यांची किंमत उतरत नाहीं, हेंही विसरूं नये. यावर कोणी म्हणेल कीं, ज्याजवळ तेवढे पैसे नाहींत त्यानें काय करावें? तें म्हणणें खरें आहे. अशानें जुनी गाडी घ्यावी, परंतु तिचा उपयोग शहरापुरता व शेतापुरता ठेवून लांबच्या प्रवासास एस. टी. धरावी. गाडीचें वय ओळखून तिला काम सांगणें हाही पारखीचाच भाग होय.

कारागिराचें उत्तरही बदललें. अँबॅसॅडरचा मिस्त्री कानानें आजार ओळखी. आजच्या गाडीचा आजार संगणक लावल्यावांचून कळत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहाचे नियम आल्यावर तर डिझेल गाडीच्या धुराड्यांत काजळी अडविणारी नाजूक यंत्रणा आली. ती लांब पल्ल्यास योग्य. रोज चार किलोमीटर फिरणाऱ्यास ती कटकटीची ठरते. ज्यांचें वर्षाचें चालणें थोडें त्यांनीं पेट्रोलचीच घ्यावी. पेट्रोलांतही आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. उसाच्या या मुलखास तें परकें नाहीं. परंतु त्यासाठीं न घडविलेल्या जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वायसर तपासून घेणें इष्ट. एकंदरीत जी गाडी लाखांनीं खपली आणि जिचे भाग नांदेडच्या व लातूरच्या दुकानांत त्याच दिवशीं मिळतात, तीच आपली. दुर्मिळ गाडी स्वस्त मिळते याचें कारण तिचा मालक भाग शोधून थकलेला असतो.

तपासणीची रीत मात्र माळेगांवच्या बाजारांतलीच आहे. दांतांच्या ऐवजीं येथें टायर पाहावा. त्याच्या कडेवरील चार अंक आठवडा व वर्ष सांगतात. मीटर मागें फिरवितां येतो, पण झिजलेलें पेडलचें रबर आणि गुळगुळीत झालेलें चाक खोटें बोलत नाहीं. गाडी सकाळीं, इंजिन थंड असतां सुरू करून पाहावी. निळा धूर निघाल्यास तेल जळतें असें समजावें, आणि दाट पांढरा धूर थांबेनासा झाल्यास इंजिनांत पाणी जातें असें. झूल पाहून बैल घेऊं नये तसें नव्या रंगावरून गाडी घेऊं नये. दाराच्या कडा, बॉनेटचे नट आणि गालिच्याखालचा पत्रा पाहावा. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरानंतर पाण्यांत बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न सर्वांस कळला. गालिच्याखालीं गाळ व बैठकीच्या बोल्टांना गंज दिसला तर तेथून उठावें. किनाऱ्याकडून आलेल्या गाडीचा पत्रा, आणि आपल्याकडच्या गाडीचा रेडिएटर, एअर फिल्टर व खालचे सांधे अधिक बारकाईनें पाहावे. कारण तेथें खारी हवा गाडी खाते, येथें ऊन आणि धूळ.

उरला कागद, आणि येथेंच सुशिक्षित माणूस सर्वांत अधिक फसतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनीं आपली गाडी एका दलालामार्फत विकली, कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या आणि पैसे घेऊन निश्चिंत झाले. गाडी पुढें कोणा-कोणाच्या हातांतून गेली तें त्यांस ठाऊक नाहीं. कांहीं वर्षांनीं एका अपघाताच्या नुकसानभरपाईची नोटीस त्यांच्या दारीं आली, कारण सरकारी दप्तरांत मालक म्हणून त्यांचेंच नांव होतें. ते मला म्हणाले, “गाडी विकली, पण नांव विकायचें राहिलें.” ही केवळ त्यांचीच तक्रार नव्हे. नोंद न बदलतां हातोहात गेलेल्या अशाच एका मोटारीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें असा निर्णय दिला कीं, ज्याचें नांव नोंदींत आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक आणि भरपाईचें दायित्व त्याचेंच. म्हणून नमुना २९ व ३० भरून नांव बदलल्यावांचून देणाऱ्यानें आणि घेणाऱ्यानेंही व्यवहार पुरा झाला असें समजूं नये. राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें चौदा दिवसांत खबर द्यावी आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांत, असा १९८८ च्या कायद्याचा दंडक आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यासही सरकारी अधिकारपत्र लागतें. तें मागावयास संकोच करूं नये. आर. सी. पुस्तकावर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा दाखला मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊं नये. दिल्लीकडील दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या स्वस्त म्हणून पुढें केल्या जातात. त्यांस तेथील ना-हरकत आणि येथला कर हीं दोन्हीं लागतात, हें हिशेबांत धरावें. पंधरा वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचें शुल्क सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें. चौदा वर्षांची गाडी स्वस्त कां, याचें एक उत्तर यांत आहे.

हें सर्व पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, नांदेड-लातूरकडील मध्यम कुटुंबास आज योग्य अशी जुनी गाडी म्हणजे लहान, पेट्रोलची, पुष्कळ खपलेली, चार ते सात वर्षें वयाची, एका किंवा दोन हातांतली, शक्य तों एम. एच. २४ किंवा एम. एच. २६ पासिंगची. शिलकेचे सर्व पैसे गाडींत घालूं नयेत. पांचवा हिस्सा टायर, ब्रेक, बॅटरी व विमा यांसाठीं मागें ठेवावा. आणि विकणारा कोण व तो गाडी कां विकतो हा प्रश्न, आजोबा बैल घेतांना जसा विचारीत, तसाच तोंडावर विचारावा. उत्तर देतांना माणूस अडखळला तर दहा हजारांची सवलत देखील महाग पडते.

माळेगांवचा बाजार अजून भरतो. त्याच्या जवळून जाणाऱ्या महामार्गावरून दुसऱ्या-तिसऱ्या हातांतल्या मोटारी धांवत असतात, आणि त्यांतल्या कित्येकांचे मालक ज्या घरांतले आहेत त्या घरांत एके काळीं देवणीची जोडी होती. ती जोडी घेतांना आजोबांनीं दोन तास घालून पाहिले होते. नातवानें निदान नांदेड ते लोहा एवढी गाडी स्वतः चालवून पाहावी, शेजारीं ओळखीचा मिस्त्री बसवावा, आणि मगच खिशांत हात घालावा.